पाथलिब वापरून फाइलींची साधी कामे: मराठी नावांच्या फाइली सांभाळणाऱ्यांसाठी

गणेशोत्सवाचे दहा दिवस उरकले की मंडळाच्या खजिनदाराचे खरे काम सुरू होते. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका मंडळाच्या हिशेबाची बाजू मी काही वर्षे पाहतो. वर्गणीच्या गल्लीवार याद्या, कार्यकर्त्यांनी मोबाइलवर काढलेले पावत्यांचे फोटो, मांडववाल्याची आणि स्पीकरवाल्याची बिले हे सारे एका पेनड्राइव्हवर गोळा होते आणि ते नीट लावल्याशिवाय हिशेब तपासनिसापुढे ठेवता येत नाही. हे काम हाताने करायला दोन रविवार जातात. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या पाथलिब या लहानशा लायब्ररीच्या, म्हणजे तयार आज्ञांच्या संचाच्या, मदतीने ते एका संध्याकाळी होते, मात्र मराठी नावे आणि मराठी मजकूर असला की काही ठिकाणी पाय घसरतो. त्या जागा दाखवण्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

पाथलिब वेगळी बसवावी लागत नाही. आंत्वान पित्रू यांनी २०१२ मध्ये ‘पेप ४२८’ या प्रस्तावात ती मांडली आणि २०१४ मध्ये आलेल्या पायथन ३.४ पासून ती पायथनबरोबरच मिळते. पुढच्या आवृत्त्यांत तिच्यात भर पडत गेली. येथे जे सांगितले आहे ते ३.९ किंवा त्यापुढच्या आवृत्तीत चालेल, आणि जेथे याहून नवी आवृत्ती लागते तेथे तसे नमूद केले आहे.

लिपीविषयी आधी एक खुलासा करतो. या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. संपादकात टाइप करताना पायथनचे शब्द, एन्कोडिंगची (अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतींची) नावे, फाइलींची एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी, फाइलीचा प्रकार सांगणारी अक्षरे) आणि कोडमधले आकडे रोमन लिपीत, लहान अक्षरांत द्यावेत. ‘पाथ’ आणि ‘ट्रू’ यांचे पहिले अक्षर आणि ‘डिक्टरीडर’मधले ‘डी’ व ‘आर’ तेवढे मोठे असतात. तुम्ही स्वतः ठेवलेली नावे मात्र खरोखरच देवनागरीत ठेवता येतात, कारण पायथन ३ मध्ये ‘वर्गणी’ किंवा ‘पावत्या’ हे चलाचे नाव म्हणून पूर्णपणे वैध आहे. मला ही सोय आवडते. आमच्याकडचे नवे कार्यकर्ते कोड वाचताना बिचकत नाहीत, त्याचे निम्मे श्रेय या मराठी नावांना आहे.

पत्ता म्हणजे अक्षरांची ओळ नव्हे

जुन्या पद्धतीत फाइलीचा पत्ता ही एक साधी अक्षरमाला असे आणि ती जोडण्या-तोडण्याचे काम आपण करायचे. पाथलिबमध्ये पत्ता ही स्वतंत्र वस्तू असते आणि तिला स्वतःचे नाव, स्वतःचा पालक फोल्डर आणि स्वतःचे एक्स्टेन्शन ठाऊक असते. सुरुवात अशी करावी:

फ्रॉम पाथलिब इम्पोर्ट पाथ
मूळ = पाथ.होम() / 'मंडळ' / '२०२५'
आवक = मूळ / 'आवक'
पावत्या = मूळ / 'पावत्या'

येथे भागाकाराची तिरकी रेघ पत्ते जोडण्यासाठी वापरली आहे. विंडोजवर असलात तरी हीच रेघ वापरावी. त्या यंत्रणेला हवी असलेली उलटी रेघ पाथलिब आपणहून घालते. उलटी रेघ स्वतः लिहिण्याच्या मोहात अनेक जण पडतात, आणि विंडोजच्या ‘यूजर्स’ या फोल्डरचा पत्ता साध्या अवतरणचिन्हांत दिला की पायथन पहिल्याच ओळीवर अडते. उलटी रेघ आणि मोठा ‘यू’ एकत्र आले की पुढे युनिकोडचा (सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाचा) आठ आकडी क्रमांक येणार असा त्याचा अर्थ पायथनमध्ये ठरलेला आहे, हे त्याचे कारण. चूक फोल्डरची नसते, पण नवशिक्या माणूस तासभर फोल्डरच तपासत बसतो.

आणखी दोन गोष्टी येथेच ध्यानात ठेवाव्यात. पाथ तयार केल्याने डिस्कवर काहीही तयार होत नाही. ‘पावत्या’ हे चल म्हणजे पाकिटावर लिहिलेला पत्ता आहे, त्या पत्त्यावर घर असेलच असे नाही. घर आहे का हे ‘एक्झिस्ट्स’ विचारून कळते, फाइल आहे का हे ‘इज_फाइल’ सांगते आणि फोल्डर आहे का हे ‘इज_डीर’ सांगते. दुसरी गोष्ट अशी की जोडताना उजवीकडचा भाग स्वतःच तिरक्या रेघेने सुरू होत असेल तर डावीकडचा सगळा पत्ता गळून पडतो. ‘मूळ’ला ‘/आवक’ जोडले तर मंडळाच्या फोल्डरमधली ‘आवक’ न मिळता डिस्कच्या मुळाशी असलेली ‘आवक’ शोधली जाते. यादीतून वाचलेली नावे जोडताना हे हमखास घडते.

फोल्डर तयार करण्यासाठी ‘एमकेडीर’ ही आज्ञा आहे:

पावत्या.एमकेडीर(पेरेंट्स=ट्रू, एक्झिस्ट_ओके=ट्रू)

‘पेरेंट्स’मुळे मधले नसलेले फोल्डरही तयार होतात, आणि ‘एक्झिस्ट_ओके’मुळे फोल्डर आधीच असला तर तक्रार होत नाही. ही ओळ मी नेहमी दोन्ही पर्यायांसह लिहितो, कारण एकच कोड पुन्हा पुन्हा चालवावा लागतो आणि दुसऱ्या वेळी फोल्डर तेथे असणारच.

मजकूर लिहिणे आणि वाचणे

लहान फाइलीसाठी ‘राइट_टेक्स्ट’ आणि ‘रीड_टेक्स्ट’ या दोन आज्ञा पुरतात. फाइल उघडा, लिहा, बंद करा ही तिन्ही कामे त्या एका ओळीत करतात. एन्कोडिंग दरवेळी स्वतः लिहिले पाहिजे, आणि मराठीत काम करणाऱ्यासाठी या लेखातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे.

नोंद = मूळ / 'नोंद.टीएक्सटी'
नोंद.राइट_टेक्स्ट('पुणे', एन्कोडिंग='यूटीएफ-८')

ही आज्ञा उत्तरादाखल ४ हा आकडा देते. प, ह्रस्व उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे तिने लिहिली. पण ‘नोंद.स्टॅट().एसटी_साइज’ विचारले तर फाइलीचा आकार १२ बाइट निघतो. यूटीएफ-८ या युनिकोडच्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, मग ते पूर्ण अक्षर असो की नुसती मात्रा. हा तिपटीचा हिशेब पुढे दोनदा कामी येणार आहे.

एन्कोडिंग लिहिले नाही तर काय होते? लिनक्सवर आणि मॅकवर बहुधा काही बिघडत नाही, आणि तोच मोठा धोका आहे, कारण तेथे नीट चाललेला कोड विंडोजवर आपटतो. इंग्रजी मांडणीच्या विंडोजवर पायथन सीपी-१२५२ ही जुनी पश्चिम युरोपीय मांडणी गृहीत धरते. तिच्यात देवनागरी नाहीच, त्यामुळे लिहिताना ‘युनिकोड एन्कोड एरर’ येतो. वाचतानाचा प्रकार अधिक गमतीचा आहे. ‘वाडा’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये साठवला आणि सीपी-१२५२ समजून वाचला, तर कोणतीही चूक न दाखवता बारा विचित्र चिन्हे समोर येतात आणि दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ दिसतो. ‘पुणे’ हा शब्द मात्र तसा वाचताच पायथन थांबते, कारण ह्रस्व उकाराच्या तिसऱ्या बाइटला सीपी-१२५२ मध्ये काही अर्थच दिलेला नाही. जोडाक्षरातल्या हलन्त चिन्हाचेही तसेच आहे, आणि झ, ए, ऐ या अक्षरांचेही. म्हणजे एका गल्लीची यादी मुकाट्याने बिघडते, दुसऱ्या गल्लीची यादी अडून बसते, आणि दोष याद्या पाठवणाऱ्यांच्या माथी मारला जातो. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हाच मूळ पर्याय ठरवण्यात आला आहे, पण मंडळाच्या कार्यालयातला संगणक कोणत्या आवृत्तीवर चालत असेल याचा भरवसा कोणी द्यावा? एन्कोडिंग लिहून टाकावे.

माझ्या हातून झालेली एक चूक येथे सांगणे इष्ट आहे. आदल्या वर्षीच्या देणगीदारांच्या यादीत मी चार नावे वाढवली आणि तीच यादी ‘राइट_टेक्स्ट’ने परत त्याच फाइलीत लिहायला सांगितली; एन्कोडिंग द्यायचे राहिले आणि संगणक विंडोजचा होता. चूक दाखवून कोड थांबला, म्हणून मी समजलो की काही लिहिले गेले नाही, म्हणजे जुनी यादी सुरक्षित आहे. फाइल उघडली तर आकार शून्य. ‘राइट_टेक्स्ट’ आधी फाइल लिहिण्यासाठी उघडते, उघडतानाच जुना मजकूर पुसला जातो, आणि अक्षरे मांडणीत बसत नाहीत हे त्यानंतर लक्षात येते. सुदैवाने यादीची छापील प्रत एका कार्यकर्त्याच्या घरी होती. ती पुन्हा टाइप करताना देणगीदारांची नावे मला तोंडपाठ झाली. तेव्हापासून मी महत्त्वाची फाइल कधीही थेट लिहीत नाही. शेजारी नव्या नावाने फाइल लिहितो, ती परत वाचून पाहतो आणि मगच ‘रिप्लेस’ने जुनीच्या जागी ठेवतो:

तात्पुरती = यादी.विथ_नेम('नवी-यादी.सीएसव्ही')
तात्पुरती.राइट_टेक्स्ट(मजकूर, एन्कोडिंग='यूटीएफ-८')
तात्पुरती.रिप्लेस(यादी)

‘राइट_टेक्स्ट’ला मजकुराच्या शेवटी भर घालता येत नाही, ती दरवेळी सगळे नव्याने लिहिते आणि विचारतही नाही. रोजच्या जमाखर्चाच्या नोंदीसारखी भर घालायची असेल तर ‘ओपन’ आज्ञेला ‘ए’ हा प्रकार द्यावा, अर्थात एन्कोडिंगसह.

एक्सेलचा हट्ट

याद्या बहुधा सीएसव्ही स्वरूपात, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुरात, असतात आणि खजिनदार त्या एक्सेलमध्ये उघडतात. यूटीएफ-८ मध्ये नीट लिहिलेली सीएसव्ही फाइल दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडली की मराठीच्या जागी पुन्हा तीच चिन्हांची खिचडी दिसू शकते. फाइलीच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची खूण असेल तर एक्सेल ती ओळखते. ही खूण तीन बाइटांची असते आणि ‘यूटीएफ-८-सिग’ हे एन्कोडिंग दिले की पायथन ती आपोआप घालते.

उलट दिशेनेही हे नाव उपयोगी पडते. एक्सेलने खुणेसह जतन केलेली फाइल साध्या ‘यूटीएफ-८’ने वाचली तर ती अदृश्य खूण पहिल्या स्तंभाच्या शीर्षकाला चिकटून येते, आणि डोळ्यांना ‘नाव’ दिसत असूनही ‘नाव’ या स्तंभाचा पत्ता लागत नाही. ‘यूटीएफ-८-सिग’ने वाचले तर खूण असली तर काढून टाकली जाते आणि नसली तरी काही बिघडत नाही. म्हणून बाहेरून आलेली प्रत्येक सीएसव्ही मी ‘यूटीएफ-८-सिग’नेच वाचतो.

सीएसव्हीच्या ओळी स्वल्पविरामावर स्वतः तोडू नयेत. पुण्यातला पत्ता ‘दुसरा मजला, जोशी वाडा, शनिवार पेठ’ असा असतो आणि त्यातले स्वल्पविराम यादीचे तीन तुकडे करतात. त्यासाठी पायथनबरोबर येणारे ‘सीएसव्ही’ हे मोड्यूल आहे; पाथलिबने पत्ता द्यावा आणि वाचन त्याच्याकडे सोपवावे.

रकमांच्या बाबतीत एक सुखद धक्का बसतो. यादीत कोणी ‘५०१’ असे देवनागरी आकड्यांत लिहिले असेल तर ‘इंट’ ही आज्ञा ते अचूक वाचते आणि बेरीज करता येते. कोडमध्ये मात्र अवतरणचिन्हांबाहेर ‘५’ लिहिले तर पायथन ते नाकारते, म्हणजे मजकूर म्हणून चालते आणि संख्या म्हणून लिहिता येत नाही. ‘५०१/-’ असे लिहिण्याची आपली जुनी सवय ‘इंट’ला पचत नाही, शेवटची रेघ आणि डॅश ‘रिप्लेस’ने आधी काढून घ्यावेत. अक्षरमालेचे हे ‘रिप्लेस’ आणि पाथचे ‘रिप्लेस’ ही नावे सारखी असली तरी कामे अगदी वेगळी आहेत.

फोल्डरमध्ये काय आहे ते पाहणे

‘इटरडीर’ फोल्डरमधले सगळे दाखवते, ‘ग्लॉब’ नमुन्यात बसणारे दाखवते आणि ‘आरग्लॉब’ पोटफोल्डरांतही शिरते. तिन्ही आज्ञा ज्या क्रमाने फाइली देतात त्या क्रमावर विसंबू नये. क्रम हवा असेल तर ‘सॉर्टेड’मध्ये घालावे. तेव्हाही ‘१०’ हे नाव ‘२’च्या आधी लागते, कारण तुलना अक्षरांची होते, संख्यांची होत नाही. म्हणून फाइलींना ‘०२’, ‘१०’ असे समान रुंदीचे क्रमांक द्यावेत.

एक्स्टेन्शन तपासताना ‘ग्लॉब’वर सगळा भार टाकू नये. लिनक्सवर मोठ्या आणि लहान अक्षरांतले ‘जेपीजी’ वेगळे मानले जाते, आणि काही मोबाइल ‘जेपीईजी’ असेही लिहितात. सगळ्या फाइली घेऊन ‘सफिक्स.लोअर()’ तपासणे अधिक खात्रीचे. विंडोज आणि मॅक स्वतःच्या सोयीसाठी लपवून ठेवतात त्यांतल्या बऱ्याच फाइलीही या चाळणीत बाजूला पडतात.

‘श्री.’ आणि ‘सौ.’ यांनी घातलेला घोळ

पाथला स्वतःच्या नावाचे भाग ठाऊक असतात असे वर म्हटले. ‘नेम’ म्हणजे पूर्ण नाव, ‘स्टेम’ म्हणजे एक्स्टेन्शन वगळून उरलेले, ‘सफिक्स’ म्हणजे शेवटच्या टिंबापासून पुढचे. शेवटच्या टिंबापासून पुढचे सगळे एक्स्टेन्शन, या नियमात एक्स्टेन्शन कसे असते याचा विचार कोठेही नाही, आणि मराठी नावांत टिंबे पदोपदी येतात.

‘श्री. जोशी’ अशा नावाची, एक्स्टेन्शन नसलेली फाइल घ्या. पाथलिबच्या लेखी तिचे ‘स्टेम’ आहे ‘श्री’ आणि तिचे ‘सफिक्स’ आहे टिंब, मोकळी जागा आणि ‘जोशी’. आता कोणी सगळ्या फाइलींना नीट एक्स्टेन्शन लावावे म्हणून ‘विथ_सफिक्स('.टीएक्सटी')’ चालवले, तर उत्तर येते ‘श्री.टीएक्सटी’. जोशी गेले. पाठोपाठ ‘श्री. काळे’ येतात, त्यांचेही ‘श्री.टीएक्सटी’ होते, आणि नाव बदलताना दुसरी फाइल पहिलीवर बसू शकते. ‘सौ.’, ‘डॉ.’, ‘कु.’ आणि ‘रु. ५०१’ यांचा हाच प्रकार. उपाय साधा आहे: एक्स्टेन्शन बदलायचे नसून जोडायचे असेल तर ‘विथ_सफिक्स’ वापरू नये, पूर्ण नावाला शेपूट जोडावे:

नवे = फाइल.विथ_नेम(फाइल.नेम + '.टीएक्सटी')

‘विथ_नेम’ आणि ‘विथ_सफिक्स’ या आज्ञा नवा पत्ता बनवून देतात, डिस्कवरची फाइल हलवत नाहीत. त्यामुळे आधी नवे पत्ते नुसते छापून पाहता येतात, आणि ‘श्री.टीएक्सटी’ची रांग पडद्यावर दिसली की माणूस वेळीच सावध होतो.

आधी दाखवा, मग हलवा

आता मुख्य काम. ‘आवक’ या फोल्डरमध्ये प्रत्येक कार्यकर्त्याच्या नावाचा एक पोटफोल्डर आहे आणि त्यात त्याच्या मोबाइलमधले फोटो आहेत. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोच्या नावात तारीख आणि त्या दिवसाचा क्रमांक असतो. २७ ऑगस्ट २०२५ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या चतुर्थीला, दोन कार्यकर्त्यांच्या मोबाइलांवर आलेल्या तिसऱ्या फोटोची नावे तंतोतंत सारखी असू शकतात, फोटो मात्र वेगवेगळ्या पावत्यांचे. सगळे एका फोल्डरमध्ये ओतले तर एकमेकांवर पडतील. म्हणून नव्या नावाच्या पुढे कार्यकर्त्याचे नाव जोडतो, आणि ते आपल्याला पालक फोल्डरच सांगतो:

फॉर फोटो इन सॉर्टेड(आवक.आरग्लॉब('*')):
    इफ फोटो.सफिक्स.लोअर() नॉट इन ('.जेपीजी', '.जेपीईजी'):
        कंटिन्यू
    नवे = पावत्या / (फोटो.पेरेंट.नेम + '-' + फोटो.नेम)
    प्रिंट(फोटो, '→', नवे)

ही पहिली फेरी केवळ पाहण्यासाठी आहे. यादी डोळ्यांखालून घालावी, दोन-चार नावे पेनड्राइव्हशी ताडून पाहावीत, आणि मगच शेवटच्या ओळीच्या जागी हे लिहावे:

    इफ नवे.एक्झिस्ट्स():
        प्रिंट('आधीच आहे:', नवे)
    एल्स:
        फोटो.रीनेम(नवे)

‘एक्झिस्ट्स’ची ही तपासणी वगळू नये. त्या नावाची फाइल आधीच असेल तर विंडोजवर ‘रीनेम’ चूक दाखवून थांबते, पण लिनक्सवर आणि मॅकवर ती जुनी फाइल मुकाट्याने पुसून नवी तेथे ठेवते. ‘रिप्लेस’ ही आज्ञा सगळीकडे पुसतेच. हेतुपुरस्सर पुसायचे असेल तेव्हाच ती वापरावी. ‘सॉर्टेड’चा येथे आणखी एक फायदा असा की सगळी यादी आधी हातात येते आणि फिरता फिरता फोल्डरमधल्या फाइली हलवल्या तरी मोजणीत गोंधळ होत नाही.

‘रीनेम’ एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर फाइल नेत नाही. पेनड्राइव्हवरून थेट संगणकावर आणायला सांगितले तर चूक येते. पायथन ३.१४ पासून पाथलाच ‘कॉपी’ आणि ‘मूव्ह’ या आज्ञा मिळाल्या आहेत. त्याआधीच्या आवृत्तीत ‘शुटिल’ या सोबतच्या मोड्यूलमधले ‘कॉपी२’ आणि ‘मूव्ह’ वापरावेत. मी तर पेनड्राइव्हवरून काहीच हलवत नाही, फक्त प्रत काढतो, आणि हिशेबावर सह्या होईपर्यंत पेनड्राइव्ह कपाटात ठेवतो.

पुसण्यासाठी ‘अनलिंक’ आहे. तिने पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ जाते. रिकामा फोल्डर ‘आरएमडीर’ काढते. भरलेला फोल्डर एका फटक्यात काढण्याची आज्ञा पाथलिबमध्ये नाही, आणि ती नाही हे मला बरेच वाटते. नको असलेल्या फाइली ‘नको’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘रीनेम’ने टाकाव्यात आणि तो फोल्डर नंतर हाताने रिकामा करावा.

नावे दिसतात सारखी, असतात वेगळी

लिनक्सवर नेहमीच्या ईएक्सटी४ फाइल-व्यवस्थेत एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. इंग्रजी नावाला ती भरपूर आहे. देवनागरीला तीन बाइटांचा हिशेब लावला की ती ८५ चिन्हांवर येते, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे त्यात मोजले जाते. विंडोजची मर्यादा बाइटांत नसून यूटीएफ-१६च्या २५५ एककांची आहे आणि देवनागरीचे एक चिन्ह तेथे एकच एकक घेते, त्यामुळे ‘मांडव उभारणी व विद्युत रोषणाई यांच्या खर्चाचे अंतिम देयक’ अशा थाटाचे आणखी लांब नाव विंडोजवर बिनधास्त तयार होते आणि लिनक्सच्या सर्व्हरवर चढवताना अडते. ‘लेन(फाइल.नेम.एन्कोड('यूटीएफ-८'))’ हे मोजून पाहिले की आधीच कळते.

दुसरी अडचण खास मराठीची आहे. ‘कऱ्हाडे’ या आडनावातला अर्धा र दोन रीतींनी साठवता येतो: एक तर टिंबाचा ऱ आणि हलन्त घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापाठी शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात, म्हणून एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली सुखाने नांदतात आणि ‘एक्झिस्ट्स’ ‘नाही’ म्हणते. युनिकोडचे प्रमाणीकरण करणारी ‘नॉर्मलाइझ’ ही आज्ञा ‘युनिकोडडेटा’ मोड्यूलमध्ये आहे. र आणि नुक्ता (खालचे टिंब) वेगवेगळे लिहिले असतील तर ‘एनएफसी’ प्रकाराने ती त्यांचा एक ऱ करते, पण अदृश्य जोडचिन्हाच्या रीतीला ती हात लावत नाही. ‘ॲ’ हे अक्षर एकसंध लिहिणे आणि ‘अ’वर चंद्र देऊन लिहिणे यांतला फरकही ती मिटवत नाही. या दोन्हींसाठी मी स्वतःची चार ओळींची बदलयादी ठेवली आहे आणि नाव तुलनेला घेण्यापूर्वी ती चालवतो. हेच अदृश्य चिन्ह चलाच्या नावात शिरले तर पायथन कोड चालवायलाच नकार देते. तशी तक्रार आली तर ते नाव पुसून दुसऱ्या कीबोर्डाने टाइप करावे.

जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइलींना यांपैकी काहीच लागू पडत नाही. युनिकोड रुळण्याआधीच्या कित्येक याद्यांत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे सांकेतिक क्रमांक साठवलेले असतात आणि फाँट त्यांना देवनागरीचे रूप देतो. कोणतेही एन्कोडिंग दिले तरी तो मजकूर मराठी होणार नाही. तो त्या त्या फाँटच्या परिवर्तकातूनच काढावा लागतो. १९९१ च्या भारतीय मानकाप्रमाणे ‘इस्की’त साठवलेल्या फाइलींची गत थोडी निराळी आहे, तेथे मांडणी निश्चित आहे, पण पायथनबरोबर तिचा वाचक येत नाही.

शेवटची जुळणी

याद्या आणि फोटो जागेवर लागले की पावती पुस्तकांशी मेळ घालायचा असतो. पाच पुस्तके, प्रत्येकी शंभर पावत्या, असे धरू. प्रत्येक गल्लीची यादी ‘याद्या’ फोल्डरमध्ये वेगळ्या सीएसव्ही फाइलीत आहे आणि तिच्यात ‘पावती’ हा स्तंभ आहे.

इम्पोर्ट सीएसव्ही
आहेत = सेट()
फॉर यादी इन सॉर्टेड((मूळ / 'याद्या').ग्लॉब('*.सीएसव्ही')):
    विथ यादी.ओपन(एन्कोडिंग='यूटीएफ-८-सिग', न्यूलाइन='') ॲज फ:
        फॉर ओळ इन सीएसव्ही.डिक्टरीडर(फ):
            आहेत.ॲड(इंट(ओळ['पावती']))
प्रिंट(सॉर्टेड(सेट(रेंज(१, ५०१)) - आहेत))

शेवटची ओळ कोणत्याही यादीत न सापडलेल्या पावत्यांचे क्रमांक छापते. ‘रेंज’ शेवटचा आकडा धरत नाही म्हणून ५०० ऐवजी ५०१ द्यावे लागते. क्रमांकांच्या रकान्यात कोणी ‘रद्द’ असे लिहिले असेल तर ‘इंट’ तेथे थांबेल आणि ते योग्यच आहे, कारण रद्द पावतीची मूळ व स्थळप्रत दोन्ही पुस्तकात आहेत का, हे पाहावेच लागते. उरलेला क्रमांक कोणत्या पुस्तकातला आहे हे शंभराच्या हिशेबाने लगेच कळते, आणि ते पुस्तक ज्याच्याकडे होते त्या कार्यकर्त्याला फोन करणे एवढे हाताने करण्याचे काम राहते.